विमान तासात, आपण दिवसात: मुंबईहून कोकणात उडताना वेळेचा हिशोब

“विमान तासाभरात येता, मगे तुका आख्खो दीस कित्याक लागता?” काकीनं विचारलं. मी डोंबिवलीहून सकाळी सहाला निघालो होतो आणि पाट गावच्या घराच्या खळ्यात पाय ठेवला तेव्हा दीड वाजून गेला होता. पानं मांडून सगळे खोळंबलेले. तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि हातपाय धुवायला पळालो. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण तो बरोबर होता. तिकिटावर सव्वा तास लिहिलेला, आणि गेले साडेसात तास.

पुढचं सगळं त्या उत्तराची तयारी आहे. गावी पहिल्यांदाच विमानानं निघालेल्या चाकरमान्यांसाठी, किंवा आईवडिलांचं तिकीट काढून देणाऱ्या मुलांसाठी. कागद, पेन्सिल आणि फोनवरचा नकाशा एवढं पुरे. गणित शाळेतल्या सातवी-आठवीच्या पलीकडे जात नाही.

आधी विमानतळ नक्की करा

हे वाचायला सोपं वाटतं, आणि चुका सगळ्यात जास्त इथंच होतात. तळकोकणात उतरायला आज तीन जागा आहेत.

पहिली चिपी. वेंगुर्ले तालुक्यात परुळ्याजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर. नाव सिंधुदुर्ग विमानतळ, तिकिटावरचं सांकेतिक नाव एसडीडब्ल्यू. ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. धावपट्टी अडीच हजार मीटरची. कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, परुळे, म्हापण, पाट या पट्ट्यातल्या लोकांना याहून जवळचा विमानतळ नाही. अडचण एकच: रोज, हव्या त्या वेळी विमान मिळेल असं इथं गृहीत धरता येत नाही. मुंबईची सेवा मध्ये खंडित झालेली आहे, पुणे-हैदराबाद-बंगळुरूकडची वेळापत्रकं हंगामागणिक हलतात. म्हणून आपल्या तारखेला विमान आहे का, हे आधी बघा आणि मगच बाकीचा बेत करा. मागच्या वर्षी शेजारचे विमानानं आले होते, हा पुरावा धरू नका.

दुसरी जागा मोपा. गोव्याच्या पेडणे तालुक्यात, आपल्या बांद्याच्या अगदी शेजारी. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, सांकेतिक नाव जीओएक्स. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग इथल्या माणसाला हा जिल्ह्याबाहेर असूनही घरचाच. कुडाळवाल्यांनाही चालतो.

तिसरी दाबोळी. गोव्याचा जुना विमानतळ, वास्कोजवळ, नौदलाच्या तळावरचा. सांकेतिक नाव जीओआय.

आता मेख अशी की तिकीट काढताना आपण “गोवा” एवढंच टाकतो आणि यादीत मोपा आणि दाबोळी एकत्र येतात. मी स्वतः यात फसलो आहे. दोनशे-तीनशे रुपये स्वस्त दिसलं म्हणून घाईत तिकीट काढलं, आणि दाबोळीला उतरल्यावर लक्षात आलं की इथून मोप्यापर्यंत यायलाच साठ किलोमीटरहून जास्त रस्ता आहे, घर त्याच्याही पुढे. दोष कुणाचाच नाही, अक्षरं समोर लिहिलेली होती. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. एक्सवालं आपलं, हे पाठ करून ठेवा.

रत्नागिरीला धावपट्टी आहे, पण ती तटरक्षक दलाच्या वापरात. रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागातल्या लोकांना माझं प्रामाणिक मत विचाराल तर विमानाच्या भानगडीत न पडता सरळ रेल्वेनं या.

निघण्याची जागाही आता एकच राहिलेली नाही. सहार-सांताक्रूझचा जुना विमानतळ, सांकेतिक नाव बीओएम, आणि त्याच्या जोडीला नवी मुंबईचा, एनएमआय. नवी मुंबईचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून सुटू लागली. पनवेल, खारघर, उरण, कल्याण-डोंबिवली इकडे राहणाऱ्यांनी दोन्हीकडची तिकिटं ताडून पाहावी. तिथून दोनशे रुपये जास्त पडले तरी सहारला जाण्याचे टॅक्सीचे पैसे आणि रस्त्यावरचा घाम वाचतो का, ते बघा.

सरळ अंतर कसं काढायचं

विमानाचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरची सर्वांत आखूड रेघ. ना कशेडीचा घाट, ना परशुरामाची वळणं, ना खाडीला घालायचा वळसा. आपल्याकडे या दोन अंतरांतला फरक पाहायला नकाशाही लागत नाही. चिपीच्या सड्यावरून देवबाग अगदी हाकेच्या अंतरावर आहे, पण मध्ये कर्लीची खाडी. होडी घेतली तर पलीकडे, गाडी घेतली तर खाडीला भलीमोठी प्रदक्षिणा.

सोपी रीत फोनवर आहे. गूगल मॅप्स उघडा, मुंबई विमानतळावर बोट दाबून धरा, लाल खूण पडली की खाली “अंतर मोजा” असा पर्याय येतो. मग नकाशा सरकवून मधला ठिपका चिपीवर आणा. आकडा समोर.

पण एकदा हातानं काढून बघा, मजा येते. दर्यावर जाणाऱ्यांना हे गणित ठाऊक असतं. मालवणच्या मच्छीमाराला बारा मैलांची हद्द विचारा, तो किलोमीटरमध्ये बोलणार नाही, सागरी मैलात बोलेल. वैमानिकही त्याच मैलात बोलतात. कारण हा मैल पृथ्वीच्या मापावरच बेतलेला आहे: अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. एका अंशात साठ मिनिटं, म्हणून एक अंश साधारण १११ किलोमीटरचा.

मुंबई विमानतळ १९ अंश ५ मिनिटं उत्तरेला. चिपी साधारण १६ अंशांवर. वजाबाकी केली की ३ अंश ५ मिनिटं, म्हणजे १८५ मिनिटं, म्हणजे १८५ सागरी मैल. दक्षिणेकडे उतरायचं एवढं.

मात्र आपला किनारा सरळ दक्षिणेला जात नाही, जाता जाता पूर्वेला कलतो. मुंबईचे रेखांश ७२ अंश ५२ मिनिटं, चिपीचे ७३ अंश ३२ मिनिटं. फरक ४० मिनिटांचा. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात रेखांशाचं मिनिट पूर्ण मैलाचं भरत नाही, ०.९५ मैलाच्या आसपास भरतं. चाळीसला त्यानं गुणलं की ३८ मैल.

आता खाली १८५, आडवे ३८. काटकोन त्रिकोण झाला. पायथागोरस आठवा: १८५ चा वर्ग अधिक ३८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं १८९ सागरी मैल, म्हणजेच ३५० किलोमीटर. गूगलही एवढंच दाखवेल, दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे. पृथ्वी गोल असताना त्रिकोण सपाट कसा चालतो, असं कुणी विचारेल. एवढ्या लहान अंतरात गोलाईचा फरक कळतही नाही. लंडनचं अंतर असं काढू नका मात्र.

याच रीतीनं मुंबई ते मोपा साधारण ३८५ किलोमीटर येतं, मुंबई ते दाबोळी ४२५ च्या आसपास, पुणे ते चिपी २९० च्या घरात. नवी मुंबईहून चिपी ३३५ आणि मोपा ३७०. रस्त्यानं मुंबई-कुडाळ साडेचारशेच्या पुढे जातं, हे लक्षात घेतलं तर वळणांनी आणि खाड्यांनी किती किलोमीटर खाल्ले ते कळतं. जाता जाता एक गंमत: नकाशावर मुंबई आणि चिपीमध्ये पट्टी ठेवा. रेघ जवळजवळ रत्नागिरी शहरावरून जाते. पूर्ण प्रवास किनाऱ्याला धरून. त्यामुळे खिडकीची जागा मिळवा. दक्षिणेला जाताना उजवीकडे दर्या, डावीकडे सह्याद्री.

आकाशातला वेळ

अंतर भागिले वेग, हे खरं, पण अर्धंच. दोन प्रकारची विमानं या मार्गांवर येतात. पंखांना पंखे असलेलं लहान एटीआर, साधारण सत्तर माणसांचं. ते तासाला ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. दुसरं जेट, एअरबस ए३२० सारखं, उंचावर गेल्यावर तासाला ८३० च्या घरात. “उडान” ही स्वस्त विमानप्रवासाची सरकारी योजना आली तेव्हा तासाभराच्या, साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, असा हिशोब सांगत होते. तो तास एटीआरचा.

चिपीच्या ३५० किलोमीटरला ५०० नं भागलं तर ४२ मिनिटं. मोप्याच्या ३८५ ला ८३० नं भागलं तर २८ मिनिटं. मग तिकिटावर अनुक्रमे सव्वा ते दीड तास आणि सव्वा तास का लिहितात?

कारण तिकिटावरचा वेळ उडण्याचा नसतोच. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढल्यापासून दुसऱ्या टोकाला पुन्हा लावेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. त्यात दार बंद झाल्यावर मागे ढकलणं आलं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं आलं, चढताना आणि उतरताना कमी वेगानं जाणं आलं, वळसे आले. मुंबईसाठी मी या सगळ्याचे सरसकट चाळीस मिनिटं धरतो. एटीआरचे ४२ अधिक ४०, म्हणजे ८२ मिनिटं. जेटचे २८ अधिक ४०, म्हणजे ६८. वेळापत्रकाशी ताडून बघा, जवळपास जुळतं.

यातून एक गोष्ट निघते जी नवख्याला पटत नाही: जेट जवळजवळ पावणेदोन पट वेगवान असूनही आपल्या अंतराला फक्त चौदा-पंधरा मिनिटं वाचवतं. तेव्हा “पंख्याचं विमान आहे, रडत रडत जाईल” म्हणून चिपी सोडून मोप्याला जाऊ नका. मोप्याहून परत उत्तरेला गावी यायला त्याच्या चौपट-पाचपट वेळ जाईल.

मुंबईचे चाळीस मिनिटं एवढे का, याचं कारण मुंबईची जमीन. तिथं दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. देशातल्या सर्वांत गर्दीच्या विमानतळांपैकी एक, आणि एकाच पट्टीवर उडणंही आणि उतरणंही. मग रांग लागणारच. उलट येताना आणखी एक भानगड असते. वारा बहुधा समुद्राकडून येतो आणि विमान वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं, म्हणून ते घाटकोपरच्या बाजूनं, पूर्वेकडून पश्चिमेला उतरतं. कोकणातून येणारं विमान दक्षिणेकडून येतं, त्याला आधी पूर्वेला जाऊन रांगेत शिरावं लागतं. गर्दी असली तर आकाशात घिरट्या. अंतर ३८५ चं असेल, पण विमान प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त कापतं. परतीच्या प्रवासाला म्हणून थोडा वेळ जास्तच धरा.

तुमच्या विमानाला खरंच किती वेळ लागतो हे बघायचं असेल तर फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर विमानाचा क्रमांक टाका. गेल्या काही दिवसांत ते किती वाजता सुटलं आणि किती वाजता टेकलं, ते दिसतं. चार-पाच दिवसांचं बघितलं की रोज उशीर होतो की एखाददिवशी, याचा अंदाज येतो. माझ्या मते तिकीट काढण्याआधी करण्यासारखं हे एकमेव “संशोधन” आहे.

जमिनीवरचा वेळ, म्हणजेच खरा प्रवास

काकीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. घराच्या उंबऱ्यापासून गावच्या खळ्यापर्यंत मोजा. माझा त्या दिवसाचा हिशोब, मोप्याच्या विमानाचा, असा होता.

विमान दहाचं. देशांतर्गत विमानाचं सामान घेणारं खिडकीवरचं काम साधारण एक तास आधी बंद होतं, आणि आत शिरायचं दार सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी. नवख्यानं दोन तास आधी पोचावं, म्हणजे आठला. डोंबिवलीहून सहाला निघायला हवं. लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रो एकनं मरोळ नाका, तिथं भुयारी मेट्रो तीनमध्ये बदल, आणि पुढचंच स्टेशन टर्मिनल दोनचं. ही वाट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो तीन सुरू झाल्यावर मोकळी झाली. सामान दोन बॅगांपुरतं असेल तर टॅक्सीपेक्षा हीच बरी, निदान वेळ तरी सांगता येते. पण आधी तिकिटावर टर्मिनल बघा. एक आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, मेट्रोची स्टेशनंही वेगळी, आणि चुकीच्या टर्मिनलला उतरून बॅगा ओढत धावणारे लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

दहाला सुटलं, सव्वाअकराला लागलं. बॅगा पट्ट्यावर येईपर्यंत पावणेबारा. तिथून गाडीनं धारगळ-पत्रादेवीकडून महामार्गाला लागून बांदा, झाराप, कुडाळ आणि मग पाट. मध्ये चहाला थांबलो, खोटं कशाला बोलू. दीड वाजून गेला.

एकूण साडेसात तास. त्यातला आकाशात गेलेला वेळ पाऊण तास. म्हणजे दहातला एक भाग. बाकी नऊ भाग लोकल, मेट्रो, रांग, बॅग आणि गाडी.

म्हणून वेळ वाचवायचा असेल तर विमानाच्या वेगाकडे न बघता या नऊ भागांकडे बघा. फक्त हातातली बॅग नेली तर पट्ट्यापाशी उभं राहणं वाचतं. (बहुतेक कंपन्या हातात सात किलोपर्यंत देतात, पण एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात, फुगलेली ट्रॉली बॅग बसत नाही.) बोर्डिंग पास घरूनच फोनवर काढा. उतरायच्या ठिकाणी गाडी आधीच सांगून ठेवा, विशेषतः चिपीला. तिथं बाहेर पडल्यावर मुंबईसारख्या टॅक्सीच्या रांगा नसतात, आणि सड्यावर दुपारच्या उन्हात रिक्षाची वाट बघणं म्हणजे काय ते सांगायला नको.

परतीच्या बॅगेबद्दल दोन शब्द, कारण त्यातही वेळ जातो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. त्यात तेल असतं आणि त्या तापून पेट घेऊ शकतात, म्हणून बॅग उघडायला लावतात आणि वाट्या काढून ठेवतात. लोणच्याची बरणी आणि कोकमाचं आगळ हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत, तिहेरी प्लास्टिकमध्ये. सुके बांगडे न्यायचे की नाही हे तुम्ही आणि तुमचे शेजारी ठरवा.

पाऊस

आतापर्यंतचं सगळं नोव्हेंबर ते मे या महिन्यांपुरतं. जूनपासून हिशोब बदलतो. चिपी काय, मोपा काय, दोन्ही विमानतळ जांभ्याच्या उंच सड्यावर आहेत. पावसात ढग सड्यावर येऊन बसतात, हे गावातल्या कुणालाही माहीत आहे. वैमानिकाला ठरावीक उंचीपर्यंत खाली आल्यावर धावपट्टी दिसली पाहिजे. नाही दिसली तर तो पुन्हा वर जातो, थोडा वेळ फिरतो, परत प्रयत्न करतो, आणि नाहीच जमलं तर दुसऱ्या विमानतळावर किंवा मुंबईला परत. घाबरण्यासारखं यात काही नाही. दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं आणि तिथं पोचल्यावर आणखी अर्धा तास फिरण्याचं इंधन बरोबर असतं, तसा नियमच आहे.

एका जुलैमध्ये आमचं विमान ढगातून खाली आलं, चाकं बाहेर काढल्याचा आवाज झाला, आणि एकदम इंजिनं गरजून पुन्हा वर. शेजारच्या आजोबांनी माझा हात घट्ट धरला. पंधरा मिनिटांनी दुसऱ्या प्रयत्नात उतरलो. तेवढ्यात त्यांनी रवळनाथाला काय काय बोलून ठेवलं ते त्यांनाच माहीत.

पावसाळ्यात मी दोन गोष्टी पाळतो. सकाळच्या पहिल्या विमानाचं तिकीट काढतो, कारण दिवसभराचा साठलेला उशीर त्याच्या वाट्याला कमी येतो, आणि रद्द झालंच तर दिवस हातात राहतो. आणि लग्न, बारावं, कोर्टाची तारीख असं न चुकवता येणारं काम असेल तर आदल्या दिवशी पोचतो. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळच्या विमानावर गणपतीची मूर्ती आणायची जबाबदारी टाकू नका.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मुंबईची धावपट्टी दुरुस्तीसाठी दिवसातले काही तास बंद ठेवतात. त्या दिवशीच्या वेळा आधीच बदललेल्या असतात, तेव्हा विमान कंपनीचा संदेश आला की तो न वाचता पुसू नका.

गाडीशी तुलना केलीच पाहिजे

कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, आणि तेव्हापासून विमानानं तिच्याशी सामना द्यायचा आहे. वंदे भारत पहाटे ठाण्याहून निघून कोरड्या दिवसांत पाच-साडेपाच तासांत कणकवलीला सोडते. डोंबिवलीहून ठाणं आणि कणकवलीहून पाट धरलं तरी पावणेआठ तासांच्या आसपास. विमानानं साडेसात. फरक पंधरा मिनिटांचा!

मात्र कुणी अंधेरीला, विलेपार्ल्याला राहत असेल आणि चिपीचं विमान मिळत असेल तर चित्र पालटतं. घर ते विमानतळ अर्धा तास, आधी दीड तास, विमान सव्वा-दीड तास, चिपीहून कुडाळ पाऊण तास. चार-सव्वाचार तासांत माणूस घरी. म्हणून “विमान लवकर पोचवतं का?” याला एकच उत्तर नाही. दोन्ही टोकांना विमानतळ जवळ असेल तर हो. एक टोक लांब असेल तर बरोबरी. दोन्ही टोकं लांब असतील तर गाडी, आणि तीही रात्रीची, झोपून. जूनपासून साधारण ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचंही पावसाळी वेळापत्रक असतं, वेग कमी केलेला असतो, वंदे भारतही कमी दिवस धावते. तेव्हा तुलना करताना दोन्हीकडचे पावसाळी आकडे घ्या, एकीकडचे उन्हाळी आणि दुसरीकडचे पावसाळी नको.

आखातातून येणाऱ्यांसाठी

रत्नागिरी-राजापूरकडची कितीतरी घरं दुबई, मस्कत, कुवेतशी जोडलेली आहेत, म्हणून हेही. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते. दुबई आणि मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत, कतार आणि सौदी अडीच तास मागे. मुंबईहून सकाळी दहाला निघून दुबईला पावणेबाराला पोचतो असं लिहिलं असेल तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही, त्यात दीड मिळवा, सव्वातीन तासांचा. येताना उलटं, दीड वजा करा.

मुंबई-दुबई अंतर साधारण १,९३० किलोमीटर. आपल्या रीतीनं ८३० नं भागून चाळीस मिनिटं मिळवली की तीन तास येतात. जाताना त्याहून थोडा जास्त आणि येताना थोडा कमी लागतो, कारण उंचावरचे वारे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून. मुंबई-कोकण विमान उत्तर-दक्षिण जातं, वारा बाजूनं लागतो, म्हणून आपल्याला तिथं हा फरक जाणवत नाही.

गावाला कोणती वेळ सांगायची

तिकिटावरची उतरण्याची वेळ रिक्षावाल्याला सांगू नका. तिच्यात पाऊण तास मिळवून सांगा, पावसाळा असेल तर सव्वा तास, आणि विमानातून बाहेर पाय ठेवला की फोन करतो म्हणून सांगा. आधी येऊन ताटकळलेला रिक्षावाला दुसरं भाडं मिळालं की निघून जातो, आणि त्याचं चुकत नाही. घरच्यांना मात्र फक्त “जेवायला येतो” एवढंच सांगा. मी आता काकीला विमानाची वेळ सांगतच नाही. परवा तिनंच फोनवर विचारलं, “विमान कितीक उतारता?” म्हटलं, तू पेज ठेव, मी दीडला येतो. पावणेदोनला पोचलो.